बाग बांधून झाली, पुढं काय?

या आठवड्याचा एपिसोड ज्यांना वाचायचाय त्यांच्यासाठी इथं लिहून काढलाय. बोलताना आलेले "म्हणजे काय की" आणि "ते हे" गाळलेत, बाकी जसंच्या तसं.

विषय आहे आपल्या शहरातल्या बागा आणि लेकरांची खेळायची मैदानं. नांदेड आणि लातूर ही दोन शहरं धरून बोलतोय. नांदेडात मी वाढलो, तिथंच बीटेक केलं. लातूरला बहिणीचं सासर. त्यामुळं दोन्हीकडच्या बाकड्यांवर बसून झालंय.

भाच्याच्या मांडीवरचे तीन टाके

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला बागेत नेलं होतं. सहा वर्षांचा आहे. कुठली बाग ते सांगत नाही, कारण तुमच्या घराजवळच्या बागेचं नाव टाकलंत तरी गोष्टीत काही फरक पडणार नाही. घसरगुंडीवरून पहिल्यांदा हसत खाली आला. दुसऱ्यांदा रडत. पत्र्याच्या जोडाची एक कड उचकटली होती, ती मांडीला लागली. तीन टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं, आणि बहिणीची बोलणी खावी लागली ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी मी तावातावानं परत तिथं गेलो. माळीकाका झाडांना पाणी देत होते. त्यांना म्हटलं, "काका, तो पत्रा दिसत नाही का तुम्हाला?"

ते म्हणाले, "दादा, पावसाळ्यापासून तसाच हाय तो. मुकादमाला दोनदा बोललो. आता लिहून कुणाला द्यायचं ते मला ठाऊक नाही. माझ्याकडं खुरपं अन् पाइप. वेल्डिंगचं मशीन थोडीच हाय?"

"मग दोरी तरी बांधायची, लेकरं चढणार नाहीत."

"बांधली होती की. पोरांनी सोडून टाकली."

माझा सगळा राग तिथंच गळाला. निघताना गेटजवळची कोनशिला वाचली. नऊ नावं होती तिच्यावर, मोजली मी. तक्रार करायचा फोन नंबर मात्र अख्ख्या बागेत कुठंच नव्हता.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडं नवीन ॲप रिलीज झालं की केक कापतात, फोटो काढतात. पण त्याच्या आधीच एक तक्ता तयार असतो: रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर कुणाचा फोन वाजणार. तो तक्ता नसेल तर रिलीजला परवानगीच मिळत नाही. आपल्या बागांचा केक कापला जातो, तक्ता कुणी करत नाही. आजचा सगळा एपिसोड त्या तक्त्याबद्दल आहे.

ही बाग नक्की कुणाची?

१९९२ साली ७४वी घटनादुरुस्ती झाली. तिच्यातून राज्यघटनेत बारावी अनुसूची आली. शहरांच्या संस्थांकडं द्यायच्या १८ कामांची ही यादी. उद्यानं, बगीचे, क्रीडांगणं त्या यादीत स्पष्ट लिहिलेली आहेत. नांदेड-वाघाळा महापालिका १९९७ मध्ये झाली, लातूरची २०११ मध्ये. म्हणजे कागदावर मालक ठरलेला आहे.

पण "बाग" या एका शब्दाखाली आपण तीन-चार वेगळ्या गोष्टी घालतो, आणि घोळ तिथंच सुरू होतो.

पहिली, महापालिकेची स्वतःची उद्यानं. नांदेडचं विसावा उद्यान किंवा लातूरचं नाना-नानी पार्क. यांचं उद्यान विभाग बघतो.

दुसरी, कॉलनीतला "ओपन स्पेस". राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर लेआउट पाडला की १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आपण लहानपणी क्रिकेट खेळलो ते बहुतेक इथं. ही जागा कधी महापालिकेच्या ताब्यात असते, कधी प्लॉटधारकांच्या नावावर, आणि पुष्कळदा नेमकी कुणाकडं आहे हे कॉलनीतल्या कुणालाच सांगता येत नाही.

तिसरी, विकास आराखड्यातलं आरक्षण. नकाशावर हिरवा ठिपका, जागेवर मात्र अजून कुणाचं तरी शेत किंवा बाभळी.

चौथी, क्रीडा संकुल आणि शाळांची मैदानं. यांचा कारभार वेगळाच.

फाटलेला पत्रा सगळीकडं सारखाच असतो, पण तो दुरुस्त करणारं टेबल प्रत्येक ठिकाणी वेगळं. म्हणून पहिला प्रश्न "कुणी लक्ष का देत नाही" हा विचारू नका. "ही जागा कुणाच्या ताब्यात आहे" हा विचारा.

बांधायला पैसा येतो, राखायला येत नाही

सरकारी पैशाचे दोन खिसे असतात. भांडवली, म्हणजे नवीन काही उभं करायला. महसुली, म्हणजे उभं केलेलं चालवायला.

पहिल्या खिशात बाहेरून पैसा येऊ शकतो. २००८ मध्ये नांदेडला गुरुता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्याच्या आधी केंद्राच्या नागरी अभियानातून मोठा निधी आला आणि रस्ते, पूल, गोदावरीचे घाट, शहराचं रूपच पालटलं. माझ्या वयाच्या नांदेडकरांना ते खोदकाम अजून आठवत असेल. पुढं २०१५ मध्ये 'अमृत' अभियान आलं, ५०० शहरांसाठी. त्यात पाणी आणि ड्रेनेज मुख्य, पण आराखड्याच्या अडीच टक्क्यांपर्यंत रक्कम हिरव्या जागा आणि बागांसाठी ठेवायची मुभा होती, लेकरांच्या सोयींवर भर देऊन.

माळ्याचा पगार, मोटारीचं वीजबिल, झोक्याची नवीन साखळी हे मात्र दुसऱ्या खिशातून, म्हणजे मुख्यतः आपल्या मालमत्ता करासारख्या उत्पन्नातून. तो खिसा आपल्या शहरांत कायम हलका. त्यात नवीन बागेचं उद्घाटन करता येतं, साखळी बदलल्याचं करता येत नाही.

यातली एक कामाची गोष्ट लक्षात ठेवा: दोष दायित्व कालावधी. बहुतेक सरकारी कामांच्या करारात एक मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत कामात दोष निघाला तर कंत्राटदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा. फोनच्या वॉरंटीसारखंच. पण फोनची वॉरंटी आपण वापरतो, कारण बिल आपल्या कपाटात असतं. बागेचं बिल फायलीत. मुदत कधी संपली हे बागेत येणाऱ्याला कळत नाही, आणि ती संपल्यावर तोच खर्च हलक्या खिशावर येतो.

लॉन आणि टँकर

मराठवाड्यात बागेबद्दल बोलायचं आणि पाण्याबद्दल नाही, असं होऊच शकत नाही.

साधं गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायला रोज ढोबळ मानानं पाच मिलिमीटर धरा. अर्धा एकर लॉन म्हणजे साधारण २००० चौरस मीटर. रोजचे १०,००० लिटर. म्हणजे दररोज एक मोठा टँकर, फक्त गवताला.

आता एप्रिल २०१६ आठवा. मांजरा धरण कोरडं, आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, त्यात पाच लाख लिटर पाणी. देशभरात बातमी झाली. त्या अख्ख्या गाडीचं पाणी अर्ध्या एकराच्या लॉनला पन्नास दिवस पुरलं असतं. बस्स, पन्नास दिवस. अशा वर्षी माणसांच्या पिण्याचेच वांधे, तिथं बागेला पाणी द्या असं कुणी म्हणूही नये. त्यामुळं दुष्काळात बाग आधी वाळते, आणि पाऊस परत आला तरी पुन्हा उभी करायचा पैसा दुसऱ्या खिशात नसतो.

याचा अर्थ बागा नकोत असा नाही. आपल्या हवेला झेपतील अशा हव्यात. कडुनिंब, करंज, वड, बहावा ही झाडं पहिली दोन-तीन वर्षं सांभाळली की पुढं बरीचशी स्वतःच्या मुळांवर जगतात. आणि दुपारी ४२ अंशांत लेकरांना लागते ती सावली. लॉनवर तर पाटीच असते, "गवतावर चालू नये."

लातूरमध्ये 'ग्रीन लातूर वृक्ष टीम'चे स्वयंसेवक रोज सकाळी झाडं लावायला, आधी लावलेल्यांना पाणी घालायला, आळी करायला बाहेर पडतात. मला त्यातला "रोज" हा शब्द महत्त्वाचा वाटतो. ५ जूनला रोप लावून फोटो काढणं आपल्याला सगळ्यांनाच जमतं.

आणखी एक. बागेत गट्टू बसवताना ते झाडाच्या खोडाला अगदी चिकटवून बसवतात. मुळाला ना पाणी मिळत ना हवा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडांभोवतीची एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. तुमच्या बागेतल्या निंबाकडं एकदा बघून या.

मोजपट्टी घेऊन बागेत जा

खेळणी सुरक्षित आहेत की नाहीत हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. अमेरिका-युरोपात वर्षानुवर्षं वापरात असलेल्या नियमांमधल्या चार गोष्टी सांगतो. शिवणकामाचा टेप चालेल.

१. खाली काय आहे? खेळण्याखाली सिमेंट, फरशी किंवा गट्टू असतील तर रंग कितीही नवा असू द्या, ते खेळणं धोक्याचं. पडल्यावर डोक्याला मार किती बसतो हे उंचीइतकंच खालच्या जमिनीवर ठरतं. साधारण फूटभर जाडीची मोकळी वाळू असली तर मार पुष्कळ कमी होतो. वाळू तुडवून दगडासारखी होते, म्हणून ती अधूनमधून खणून मोकळी करावी लागते. हे काम माळीकाकांच्या खुरप्यानंही होतं.

२. आजूबाजूला किती जागा? खेळण्याच्या चारी बाजूंना सहा फूट मोकळं हवं. झोक्याला पुढं-मागं जास्त लागतं: तो ज्या दांड्याला टांगलाय तिच्या उंचीच्या दुप्पट. दांडा आठ फुटांवर असेल तर पुढं सोळा, मागं सोळा. आपल्याकडं तिथंच बाकडं ठेवलेलं असतं.

३. डोकं अडकेल अशी फट? कठड्याच्या गजांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा मोठी आणि नऊ इंचांपेक्षा लहान असेल तर धोका. लहान लेकराचं अंग त्यातून जातं, डोकं अडकतं.

४. हात फिरवा. झोक्याची साखळी वरच्या हुकापाशी सगळ्यात आधी झिजते, खालून ती नवीच दिसते. पत्र्याचे जोड, उघडे बोल्ट, तुटलेलं प्लास्टिक बघा. आणि पत्र्याची घसरगुंडी उन्हात असेल तर दुपारी आधी स्वतःचा तळहात टेकवा. तुमचा हात टिकला नाही तर लेकराची मांडी कशी टिकेल?

या चार गोष्टी मला आधी माहीत असत्या तर त्या दिवशी भाच्याला मी चढू दिलं नसतं. हे मला अजून टोचतं.

खेळणं तुटलं तर नवीन येईल, जागा गेली तर?

केंद्राच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक सूचनांमध्ये माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरलीय. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाख. माणशी दहा धरले तरी ५५० हेक्टर होतात, म्हणजे साडेतेराशे एकरांवर. आपण त्याच्या किती जवळ आहोत ते डोळ्यांना दिसतंच. म्हणून आहे ती इंचभरही जायला नको.

आणि ती जाते कशी? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७ वाचा. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द. यात मालकाचंही चूक नाही हो. त्यानं किती वर्षं अडकून राहायचं? पण शहराची बाग मात्र कुणी काही न करताच नाहीशी होते. ना मोर्चा, ना बातमी.

दुसरी बाजूही सांगतो. बेंगळुरूच्या एका वस्तीत बागेसाठी ठेवलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली. रहिवासी कोर्टात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप रद्द ठरवलं आणि बाग ही रहिवाशांच्या हक्काची गोष्ट आहे हे मान्य केलं. म्हणजे आपण "आम्हाला बाग द्या हो" असं हात जोडून मागायची गरज नाही.

"मग बाग एखाद्या संस्थेला दत्तक देऊन टाका ना," असं बरेच जण सुचवतात. चालू शकतं, पण अटी बघून. मुंबईत मोकळ्या जागा अशा सांभाळायला दिल्या, त्यातल्या काहींवर क्लब उभे राहिले आणि सामान्य माणसाला गेटवर अडवलं जाऊ लागलं. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या नव्या धोरणावरून इतका गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांनी ते थांबवलं. झाडू कुणाच्याही हातात असू दे, गेटची किल्ली लोकांचीच राहिली पाहिजे.

पत्रांवर उभी राहिलेली ७०० मैदानं

थोडं लांब जाऊ. दुसऱ्या महायुद्धानंतरचं ॲमस्टरडॅम. पैसा नाही, लेकरं भरपूर. १९४७ मध्ये आल्डो व्हान आयक नावाच्या तरुण वास्तुरचनाकारानं महापालिकेसाठी एका छोट्या चौकात खेळायची जागा केली. वाळूचा हौद, कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या, बाकडी. बास. आजूबाजूच्या लोकांनी ते बघितलं आणि महापालिकेला पत्रं लिहायला सुरुवात केली: आमच्या गल्लीतही अशी जागा रिकामी आहे. १९७८ पर्यंत त्यानं ७०० हून जास्त मैदानं केली, पुष्कळशी पडीक तुकड्यांवर.

मला यात दोन गोष्टी आवडतात. साधी खेळणी, जी मोडायलाच अवघड. आणि नेमकी जागा सांगणारी पत्रं.

तक्रार नीट कशी लिहायची

"बागेची अवस्था दयनीय आहे" ही तक्रार नाही, तो उसासा आहे. आमच्याकडं "ॲप चालत नाही" एवढंच लिहिलं तर डेव्हलपर ते तिकीट बंद करून चहाला जातो. मीही गेलोय. तक्रार अशी लिहा: अमुक उद्यान, मुख्य गेटमधून आत डावीकडं दुसरी घसरगुंडी, मधल्या जोडाचा पत्रा चार इंच उचकटलेला, अमुक तारखेला लेकरू जखमी, फोटो जोडलाय, दुरुस्तीपर्यंत खेळणं बंद ठेवा. एका अर्जात एकच दोष.

अर्ज उद्यान विभागाकडं द्या आणि पोच घ्या. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत म्हणजे आपला तिकीट नंबर. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, तेव्हा भाषण नको. एवढंच विचारा: या उद्यानातल्या खेळण्यांच्या कामाचा कार्यादेश, दोष दायित्व कालावधीची शेवटची तारीख, आणि गेल्या वर्षभरात देखभालीवर झालेला खर्च.

२०२२ पासून दोन्ही महापालिकांत बराच काळ प्रशासक होते, वॉर्डातल्या माणसानं धरायचा कुणी नगरसेवकच नव्हता. त्या काळात आपली सवय मोडली. ती परत लावायला लागेल.

आणि महापालिकेच्या कुणी हे ऐकत असेल तर एक विनंती. प्रत्येक खेळण्यावर रंगानं एक नंबर टाका, आणि गेटवर एक फोन नंबर. फाटलेली घसरगुंडी "डावीकडची, ती निळी" राहणार नाही, "सात नंबर" होईल. सात नंबर शेवटचा कधी तपासला हे एका वहीत लिहा. ॲप नको, वही पुरे. सॉफ्टवेअरवाला असून सांगतोय.

त्या घसरगुंडीचं काय झालं?

मी अर्ज दिला. दोन आठवडे काहीच नाही. तिसऱ्या आठवड्यात माळीकाकांना भेटलो तर म्हणाले, "दादा, वेल्डिंगवाला येऊन गेला." पत्रा बसवलाय, कड घासून गुळगुळीत केलीय. खाली अजून फरशीच आहे. वाळूसाठी दुसरा अर्ज दिलाय, त्याचा आवक क्रमांक माझ्या पाकिटात आहे.

भाचा परत गेला तिथं. चढायच्या आधी त्यानं पत्र्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडं बघितलं, आणि मी मान हलवल्यावरच बसला.

या रविवारी तुमच्या जवळच्या बागेत टेप घेऊन जा. एक दोष शोधा, एक अर्ज लिहा, पोचीचा फोटो आम्हाला पाठवा. पुढच्या महिन्यात सगळे फोटो घेऊन याच विषयावर परत बसू. भेटू!